२ पॅरा (मराठा), १९७१ : सीमाभागातल्या जुन्या जवानांची यादी, वार्तापत्र आणि मेळावा

कॅम्पातला
नमस्कार मंडळी. ११ डिसेंबर १९७१ ला, बांगलादेशच्या युद्धात, टांगाईलजवळ विमानांतून छत्र्यांनी उतरून लौहजंग नदीवरचा पुंगली पूल ताब्यात घेणारी पलटण म्हणजे २ पॅरा (मराठा). जमालपूर-मैमनसिंगकडून ढाक्याकडे हटणाऱ्या पाकिस्तानी ९३ ब्रिगेडची वाट तिने अडवली, आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शिरणाऱ्या पहिल्या भारतीय तुकड्यांत ती होती. तिचे जवान आज बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी आणि हद्दीपलीकडे चंदगड, गडहिंग्लज, आजरा, कागल या पट्ट्यात विखुरलेले आहेत. त्या वेळी जो विशीत होता तो आज पंचाहत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहे. त्यांना एकमेकांची खबर मिळत राहावी आणि वर्षातून एकदा भेट व्हावी, त्यासाठी नेमके काय करावे लागते ते इथे एकत्र करू.

सुरुवात यादीपासून. यादी चुकली की टपाल परत येते आणि मेळाव्यात खुर्च्या रिकाम्या राहतात.

आधी यादीत कोण, ते ठरवा. गावात 'पॅरावाला' हा एकच शब्द चालतो. २ पॅरा म्हणजे पूर्वीची ३ मराठा (मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण), ती १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली. २१ पॅरा (एसएफ, म्हणजे स्पेशल फोर्सेस) ही पूर्वीची २१ मराठा, तिचे रूपांतर १९९६ चे. १ मराठा, म्हणजे जंगी पलटण, जमिनीवरून पुढे येऊन टांगाईलच्या बाजूला २ पॅराला मिळाली. 'आमचे आजोबा टांगाईलला होते' असे सांगणाऱ्या घरातला माणूस उडी मारलेला असेल किंवा चालत आलेला असेल. मान दोघांचाही सारखाच, पण नोंद वेगळी हवी. शिवाय उडीत पायदळाबरोबर तोफखान्याचे, इंजिनिअरचे आणि वैद्यकीय पथकाचेही लोक होते. त्यांना वगळू नका, फक्त त्यांचे रेकॉर्ड ऑफिस (सेवेची नोंद ठेवणारे कार्यालय) वेगळे आहे हे लिहून ठेवा.

म्हणून नावापुढे खूण करा : 'उ' उडीत होते, 'प' पलटणीत होते पण उडीत नव्हते, 'न' १९७१ नंतर आले, 'ज' जोड तुकडीतले. हे डिस्चार्ज बुक (लष्करातून सुटताना मिळालेले सेवापुस्तक) पाहूनच भरावे. सांगण्यावरून भरलेले पुढे वादाचे होते.

रकाने : लष्करी नंबर, हुद्दा, नाव, वडिलांचे नाव, त्या वेळची कंपनी, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिन, पत्नीचे नाव, घरातल्या दोन माणसांचे फोन. नंबरच्या शेवटचे इंग्रजी अक्षर सोडू नका. जेसीओ (नायब सुभेदार आणि वरचे हुद्दे) झाल्यावर नंबर बदलतो, त्यामुळे सुभेदारसाहेबांचे दोन्ही नंबर घ्या, नाहीतर एकच माणूस यादीत दोनदा येतो. पाटील, नाईक, सावंत, गावडे ही आडनावे इतकी आहेत की नाव आणि गाव जुळूनही माणूस दुसराच निघतो. खरी ओळख नंबरच.

पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) नंबर, आधार, बँक खाते मात्र यादीत कधीच लिहू नका. यादी फिरते, आणि फसवणारे अशाच कागदाच्या शोधात असतात.

नवखा_शिनोळी
रेकॉर्ड ऑफिसला अर्ज केला तर आपल्या भागातल्या सगळ्यांची यादी मिळेल का? माहिती अधिकारात?

कॅम्पातला
मिळत नाही, दादा. ती दुसऱ्यांची वैयक्तिक माहिती ठरते आणि कलम ८(१)(ञ) खाली नाकारली जाते. आपल्याकडे आणखी एक चूक नेहमीची आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे सेंटर बेळगावातच असल्यामुळे लोक कागद तिथे घेऊन जातात. २ पॅराचे रेकॉर्ड पॅराशूट रेजिमेंटकडे, बंगळूरला. सेंटरच्या फाटकावरून म्हातारा माणूस हेलपाटा घालून परत येतो, म्हणून हे वार्तापत्राच्या प्रत्येक अंकात छापा.

यादी खालून वर येते. सैनिक बोर्डाला नावे मागू नका. बंद, तिकीट लावलेली पाकिटे द्या आणि त्यांच्याकडच्या पत्त्यांवर पाठवण्याची विनंती करा. नावे त्यांच्याकडेच राहतात, पत्र पोचते आणि ज्याला यायचे तो स्वतः कळवतो. गावागावात ग्रामपंचायत, दूध डेअरी, सोसायटी आणि तालीम या चार ठिकाणी विचारले तर जवळपास सगळी माजी सैनिकांची घरे कळतात.

चंदगडी
हद्दीचा मुद्दा सविस्तर मांडतो, कारण नावे सगळ्यात जास्त तिथेच गळतात.

बेळगाव जिल्ह्यातल्या माणसाची नोंद कर्नाटकाच्या सैनिक कल्याण व पुनर्वसन खात्याकडे, चंदगड-गडहिंग्लजच्या माणसाची कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. माणसे मात्र तशी राहत नाहीत. चंदगडचा जवान मुलाकडे बेळगावात राहतो, खानापूरची विधवा आजऱ्याला माहेरी असते. त्यामुळे यादीत 'नोंद कुठे' आणि 'राहतात कुठे' असे दोन रकाने ठेवा. राज्य सरकारच्या सवलती नोंद पाहून ठरतात आणि पत्र राहत्या घरी जावे लागते. पेन्शन केंद्राची, तिला राज्याची हद्द लागत नाही.

पत्त्यातल्या हमखास चुका बघा. खानापूर नावाचा तालुका सांगली जिल्ह्यातही आहे, विट्याकडचा. पिन आणि जिल्हा नसेल तर पाकीट तिकडे फिरून येते. नंदगड आणि चंदगड ही नावे घाईच्या अक्षरात सारखी दिसतात. बेळगाव जिल्ह्यातल्या पाकिटावर मराठीबरोबर इंग्रजीत किंवा कन्नडमध्येही पत्ता लिहा. नवा पोस्टमन मराठी वाचणारा असेलच असे नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

पेन्शन न मिळालेले जवान हा सगळ्यात दुर्लक्षित गट. पुरेशी सेवा होण्याआधी घरी आलेले, शेतीसाठी नाव कमी करून आलेले. ते बँकेच्या रांगेत दिसत नाहीत, ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) दवाखान्यात दिसत नाहीत, म्हणून कुठल्याच यादीत येत नाहीत. ६५ वर्षांवरच्या, हवालदारपर्यंतच्या हुद्द्याच्या, पेन्शन नसलेल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा आर्थिक मदत असते. ती ४,००० रुपये होती, १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८,००० केली आहे. अर्ज ऑनलाइन, पण तपासणी जिल्हा बोर्डाकडून होते. यादी करणाऱ्याने हा गट आधी शोधावा, बाकीचे तसेही सापडतात.

घटप्रभा_स्टेशन
वार्तापत्राबद्दल. तीन महिन्यांतून एक अंक पुरे. मासिक काढायला गेलात तर तिसऱ्या अंकाला मजकूर संपतो.

वजनाचा हिशेब आधी करा. ८० जीएसएमच्या ए-फोर कागदाचे वजन ५ ग्रॅम. साधे पत्र २० ग्रॅमपर्यंत ५ रुपयांत जाते. दोन कागद आणि पाकीट मिळून १५ ग्रॅमच्या आसपास बसते. तिसरा कागद घातला की पाकीट-डिंकासह काटा २० वर टेकतो आणि काही पाकिटे ओव्हरवेट होतात. मग टपालाचा दंड घेणाऱ्याकडून वसूल होतो, म्हणजे आपल्या म्हाताऱ्या जवानाच्या खिशातून. म्हणून दोन कागद, पाठपोट, चार पाने. अक्षर १६ पॉइंट, ओळींत मोकळी जागा, कागद पांढरा. रंगीत कागदावरची काळी अक्षरे मोतीबिंदूच्या डोळ्यांना नीट दिसत नाहीत.

आत एक पोस्टकार्ड घाला, आपला पत्ता आधीच लिहून. ५० पैशांत परत येते. त्यावर तीनच ओळी हाताने लिहा : 'पत्ता बरोबर आहे / बदलला आहे', 'तब्येत', 'कुणाची खबर कळवायची आहे'. ज्यांचे कार्ड लागोपाठ दोन अंकांना आले नाही, त्या घरी त्या गावच्या माणसाने जाऊन यायचे. यादी खरी याच कार्डांवर जिवंत राहते.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करून घ्या. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर छपाईत छान दिसतो, पण तोच व्हॉट्सॲपवर चिकटवला की नुसती चिन्हे उमटतात आणि सगळे पुन्हा टाइप करावे लागते.

खानापूरवासी
पोस्टाबरोबर व्हॉट्सॲप लागणारच, पण त्याची रचना नीट हवी. ब्रॉडकास्ट लिस्ट २५६ जणांची असते आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच पोचते. निम्म्या घरांत तो सेव्ह नसतो, त्यामुळे पाठवणाऱ्याला वाटते पोचले आणि तिकडे काहीच आलेले नसते. त्यापेक्षा दोन ग्रुप करा. एकात फक्त ॲडमिन लिहितील, म्हणजे खबरी तिथे. दुसरा बोलण्यासाठी. सुप्रभात, राजकारण, देवदर्शन हे दुसऱ्यात. पहिल्यात एकही फालतू मेसेज गेला की लोक तो म्यूट करतात आणि पुढची मयताची खबर कुणी वाचत नाही.

प्रत्येक खबरीबरोबर आवाजाची क्लिप द्या, दोन-तीन मिनिटांची, सावकाश बोललेली. काहींना दिसत नाही, आणि आता बऱ्याच घरांत नातवंडे कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात, त्यांना आजोबांसाठी देवनागरी वाचायला वेळ लागतो. उलट तोफा-बंदुकांमुळे ऐकू कमी येणारेही पुष्कळ आहेत. त्यांना क्लिपचा उपयोग नाही, त्यांना कागदच. म्हणून दोन्ही चालू ठेवायचे, एकावर भागत नाही.

मयताच्या खबरीचा नियम कडक हवा. घरच्या माणसाशी बोलणे झाल्याशिवाय आणि गावातल्या दुसऱ्या एकाने दुजोरा दिल्याशिवाय टाकायची नाही. जुनी खबर तारखेशिवाय फिरत राहते आणि जिवंत माणसाच्या घरी लोक भेटायला येतात. खबरीत वार, तारीख, गाव, मातीची वेळ आणि रक्षाविसर्जनाचा दिवस लिहा. 'तरुण भारत' किंवा 'पुढारी'त निधनवार्ता द्यायची असेल तर नाव, हुद्दा आणि पलटण घरच्यांना वाचून दाखवूनच द्या. '२ पॅरा'चे '२ मराठा' होऊन छापले जाते, आणि पुढे तेच कात्रण घरात जपून ठेवले जाते.

सदाशिवनगर_७
मयतानंतरचे कागदाचे काम कुणी सांगेल का? वहिनींना काहीच माहीत नसते.

पेन्शन_मदत
सांगतो, ताई. मृत्यूचा दाखला निघाला की आधी 'स्पर्श'वर (संरक्षण पेन्शनची ऑनलाइन व्यवस्था) आणि बँकेत कळवायचे. न कळवता पुढच्या महिन्याची पेन्शन जमा झाली आणि ती काढली, तर ती नंतर वसूल होते आणि फॅमिली पेन्शन लागायच्या वेळी अडकते. दाखला, पीपीओ, डिस्चार्ज बुक, विधवेचे आधार, पॅन, तिच्या एकटीच्या नावाचे बँक पासबुक असा संच करायचा. दाखल्याच्या पाच-सहा प्रती पहिल्याच खेपेला घ्या.

अडते ते जुन्या पीपीओत. त्यात पत्नीचे नाव नसते, किंवा 'पार्वती'चे 'पारुबाई' झालेले असते, किंवा जन्मतारीख कोरी. ही दुरुस्ती माणूस हयात असताना फार सोपी आणि नंतर फार अवघड. सुधारित पीपीओ रेकॉर्ड ऑफिसमार्फतच निघतो. म्हणून वार्तापत्राच्या एका अंकात नुसते एवढेच छापा : 'पीपीओ काढा आणि त्यात पत्नीचे नाव व जन्मतारीख आहे का बघा.'

जन्मतारखेचे महत्त्व आताच आहे. ८० वर्षे पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के. फॅमिली पेन्शनलाही हेच. १९४६ चे जवान २०२६ मध्ये ८० पूर्ण करतात, म्हणजे १९७१ ची पिढी आता या टप्प्यात येते आहे. सीमाभागात शाळेच्या दाखल्यावरची १ जून ही तारीख आधारवर, आणि भरतीच्या वेळची तारीख डिस्चार्ज बुकात, अशी तफावत फार. लष्कराच्या रेकॉर्डमधली तारीख धरून आधार दुरुस्त करून घ्या, उलटे करायला जाऊ नका.

हयातीचा दाखला नोव्हेंबरात, ८० वरच्यांना १ ऑक्टोबरपासून. मोबाइलवर चेहरा दाखवून होतो, बोटांचे ठसे झिजलेल्यांसाठी हाच मार्ग. 'जीवन प्रमाण' ॲपमध्ये वितरण करणारी संस्था म्हणून 'स्पर्श - पीसीडीए (पेन्शन्स)' निवडायचे. सवयीने बँक निवडली तर दाखला तयार होतो, नंबर येतो, सगळे झाल्यासारखे वाटते, आणि पेन्शन मात्र थांबते. ओटीपी विचारणारा फोन आला तर ठेवून द्या. पेन्शन ऑफिस फोनवर ओटीपी विचारत नाही.

कॅम्पातला
पेन्शनचा वेगळा धागा होईल, इतके आहे. मेळाव्याकडे येऊ. तारीख कोणती? ११ डिसेंबर मनाला पटते, पण बेळगावात ती अवघड आहे.

घटप्रभा_स्टेशन
अवघड का, ते बाहेरच्यांसाठी लिहितो. कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सुवर्ण विधानसौधात होते, बहुतेक डिसेंबरातच. त्या दिवसांत लॉज भरलेले, रस्त्यांवर बंदोबस्त, मोर्चे, वाहतूक वळवलेली. धारवाड-निपाणी महामार्गाने येणाऱ्या गाडीला शहरात शिरायलाच वेळ लागतो. शिवाय डिसेंबर म्हणजे चिकोडी-निपाणीकडे ऊसतोड, सोबत येणारा मुलगा फडात असतो. नोव्हेंबरही टाळा : खानापूर, बेळगाव पश्चिम आणि चंदगडकडे भातकापणी-मळणी, आणि १ तारखेच्या आसपास कन्नड राज्योत्सव आणि मराठी भाषकांचा काळा दिवस यांमुळे शहरात वातावरण वेगळे असते. पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटीच्या लोकांना बोलावूच नये.

चंदगडी
तरीही ११ डिसेंबर सोडू नये असे माझे ठाम मत आहे. मोठा मेळावा त्या दिवशी नको, कबूल. पण त्या दिवशी तालुक्यातालुक्यात दहा-बारा जणांनी एका घरी बसावे. खानापूर, निपाणी, चंदगड, हुक्केरी. चहा, गेलेल्यांची नावे, फोनवरून दुसऱ्या तालुक्याशी बोलणे. पंचवीस किलोमीटरच्या आत कुणालाही प्रवास नको. ज्याला बेळगावपर्यंत येणे कधीच जमणार नाही त्याची तेवढीच भेट असते.

कॅम्पातला
हे मान्य. मोठा मेळावा मग ४ फेब्रुवारीच्या मराठा दिवसाला धरून येणाऱ्या रविवारी. कोंढाणा घेतल्याच्या स्मरणाचा तो दिवस रेजिमेंटचा आहे, आणि २ पॅराचे मूळ मराठ्यांतलेच. सेंटरमधल्या शर्कत स्मारकावर पुष्पचक्र वाहायचे असेल तर लेखी परवानगी बऱ्याच आधी मागा आणि येणाऱ्यांची नावे, ओळखपत्रे, गाडी नंबर यांची यादी जोडा. जेवण आणि बैठक मात्र बाहेर मंगल कार्यालयात ठेवा, म्हणजे नातवंडांसह सगळे निवांत बसतात.

हॉल_बघणारा
कार्यालय बघताना भाडे शेवटी विचारा. आधी हे : हॉल तळमजल्यावर आहे का, पायऱ्या किती, कमोडचे शौचालय आहे का, त्यात धरायला दांडा आहे का, रिक्षा दारापर्यंत येते का. पहिल्या मजल्यावरचा हॉल फुकट मिळाला तरी घेऊ नका.

साठ जवान येणार असतील तर जेवणाची पाने साठ नव्हेत, सोबतच्यांसह ११० ते १२० धरा. हाताच्या खुर्च्या हव्यात, बिनहाताच्या खुर्चीतून उठताना तोल जातो. वेळ साडेदहा ते अडीच. त्याआधी कणकुंबीची बस पोचत नाही आणि उशीर झाला की परतीला अंधार पडतो. रेल्वेने येणाऱ्यांना मिरज-लोंढा मार्ग सोयीचा : कुडची, रायबाग, चिकोडी रोड, घटप्रभा, इकडून लोंढा, खानापूर. बेळगाव स्टेशनवर दोन पोरे पाटी घेऊन उभी करा.

जेवण बाराच्या ठोक्याला, भाषण चालू असले तरी. साखरेच्या गोळ्या घेतलेल्याला थांबवून ठेवता येत नाही. मऊ भात, भाकरी, फार तिखट नसलेली आमटी, ताक, आणि एक भाजी अळणी वेगळी. गोड एकच. नोंदणीच्या टेबलावर प्रत्येकाच्या बिल्ल्यामागे घरचा फोन आणि चालू औषधे लिहून घ्या, १०८ ला फोन करायची वेळ आली तर तेच लागते.

बसवायचे कंपनीप्रमाणे, हुद्द्याप्रमाणे नाही. जो ज्याच्या शेजारी खंदकात होता तो त्याच्या शेजारी. पन्नास वर्षांनी चेहरे ओळखू येत नाहीत, म्हणून टेबलावर कंपनीची पाटी आणि बिल्ल्यावर नावाखाली त्या वेळचे फोटोतले रूप, असेल तर. ढोल, बँड, स्पीकरच्या भिंती आत नकोत. ऐकण्याचे यंत्र लावलेल्याला त्यात एक शब्द कळत नाही.

नंदगडची_लेक
बायकांचा विषय कुणी काढला नाही. बऱ्याच ठिकाणी दुपारी 'महिलांसाठी हळदीकुंकू' ठेवतात. आपल्या मेळाव्यात निम्म्या बायका विधवा असतात. त्या कोपऱ्यात बसून राहतात किंवा पुढच्या वर्षी येतच नाहीत, आणि ते घर यादीतून गळते. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. हेरवाड आपल्या हद्दीपासून लांब नाही. मेळाव्यात हळदीकुंकू, ओटी काही ठेवू नका. शाल आणि नारळ सगळ्यांना सारखे, जवानाला, पत्नीला, विधवेला. विधवेला तिच्या पतीच्या कंपनीच्या टेबलावर बसवा. त्याच्याबद्दल तिला न कळलेल्या गोष्टी तिथेच कळतात.

'वीरनारी' हा शब्द मात्र जपून वापरा. तो युद्धात पडलेल्याच्या पत्नीसाठी आहे. सरसकट सगळ्यांना लावला तर जिच्या घरचा माणूस परत आलाच नाही तिच्यावर अन्याय होतो.

खानापूरवासी
ताई, हा मुद्दा पहिल्या निमंत्रणातच छापायला हवा.

बॅनरबद्दल दोन-तीन गोष्टी. उडीचा म्हणून जो प्रसिद्ध फोटो सगळीकडे मिळतो, छत्र्यांनी भरलेले आभाळ, तो त्या वेळी जगभर छापला गेला, पण तो टांगाईलचा नाही, आग्र्याच्या सरावाचा जुना फोटो आहे. अख्खी ब्रिगेड उतरली असा समज पसरायला त्याची मदत झाली. तो छापायचाच तर खाली तसे लिहा. समोर बसलेल्यांनी खरी उडी मारलेली असते. 'बलिदान' बिल्लाही १९७१ च्या जवानांच्या फोटोवर लावू नका. तो स्पेशल फोर्सेसचा, आणि २ पॅरा तेव्हा साधी पॅराशूट पलटण होती. पलटणीचे तेव्हाचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू, महावीरचक्र, यांचे नाव नीट लिहा. मजकूर मराठी आणि कन्नड दोन्हींत ठेवा, येणाऱ्यांत दोन्ही भाषांचे लोक असतात.

पदके साध्या कपड्यांवर डाव्या छातीवर. वारसाने घातली तर उजव्या. पूर्वेकडे लढलेल्यांचे 'पूर्वी स्टार', पश्चिमेकडचे 'पश्चिमी स्टार', आणि 'संग्राम मेडल'. फीत विटली असेल तर फक्त फीत बदला, धातू पॉलिशने घासू नका. कडेवर कोरलेला नंबर आणि नाव झिजते, आणि नंबरवरूनच तर पदक कुणाचे ते कळते.

कॅम्पातला
एक राहिले, गेलेल्यांची नावे वाचणे. उभे राहून नको, बसूनच. एका नावाला सहा सेकंद धरा, साठ नावांना सहा मिनिटे. नाव, हुद्दा, गाव, एवढेच. वाचणाऱ्याने आदल्या दिवशी प्रत्येक गावाच्या माणसाला फोन करून यादी एकदा पडताळून घ्यावी, चुकून हयात माणसाचे नाव त्यात येता कामा नये. शेवटी 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही घोषणा सगळ्यात ज्येष्ठ जवानाने द्यायची, माइक त्यांच्या खुर्चीपाशी नेऊन.

खानापूर पश्चिम, यमकनमर्डीकडची गावे आणि आजरा इथे अजून गावचा माणूस ठरलेला नाही. ज्यांना आपल्या गावापुरते हे करता येईल त्यांनी गाव आणि पिन इथे लिहावे, फोन नंबर उघडा टाकू नये. पोस्टकार्डाचा मजकूर घटप्रभा_स्टेशन यांनी तयार केला की तो पुढच्या प्रतिसादात देतो.